दुखण्याची आणेवारी : एका इम्प्लांटचं प्रकरण

मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. दात बसवायला आलेला माणूस खर्चाचं नंतर विचारतो, पहिला प्रश्न असतो तो "दुखेल का?" हाच. या प्रश्नाला मी बरीच वर्षं "काही नाही हो, कळणारसुद्धा नाही" असं उत्तर देत आले. ते उत्तर चुकीचं आहे हे मला एका काकूंनी शिकवलं. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

काकूंचं वय ५७. घरीच भाकरी केंद्र आहे. पहाटे पाचला तवा तापतो तो दुपारी एकपर्यंत. दोन बायका मदतीला, रोज दोनशेच्या आसपास ज्वारीच्या भाकऱ्या जातात. नऊ वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या. मुलगा पुण्यात नोकरीला.

डाव्या बाजूची खालची पहिली दाढ पाच वर्षांपूर्वी काढलेली होती. तेव्हापासून सगळं चावणं उजवीकडून. पाच वर्षं एकाच बाजूने भाकरी आणि शेंगदाणे चावल्यावर उजवीकडच्या दाढा झिजल्या आणि थंड पाणी लागलं की सणक जायला लागली. त्या माझ्याकडे आल्या त्या या उजव्या बाजूसाठी. डावीकडच्या मोकळ्या जागेचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी तोंड मिटून घेतलं. "तिकडं हात लावायचा नाही, मॅडम."

अडचण

तपासणीत चित्र असं होतं. दाढ काढलेल्या जागेमागची दुसरी दाढ पुढे कलायला लागली होती, वरची दाढ खालच्या रिकाम्या जागेत किंचित उतरली होती. अजून दोनचार वर्षं गेली असती तर तिथे काही बसवायला जागाच उरली नसती. म्हणजे वैद्यकीय बाजूने प्रश्न अगदी रोजचा होता. खरी अडचण होती भीतीची, आणि ती कुठून आली हे शोधल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं.

दुसऱ्या भेटीत मी खुर्चीवर न बसवता त्यांना समोर स्टुलावर बसवलं आणि ती दाढ कशी काढली ते विचारलं. चार दिवस लवंगेचं तेल लावून काढलेले. गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. मग एका दवाखान्यात तीन इंजेक्शनं दिली तरी जागा बधिर झाली नाही, आणि तशीच दाढ काढली. एकाने डोकं धरलं, एकाने हात.

मी विचारलं, सोळा आण्यांपैकी किती आणे दुखलं? कुणी दहापैकी गुण विचारले तर आमच्याकडची वयस्क माणसं गोंधळतात. आणेवारी मात्र पिकाची सगळ्यांनी ऐकलेली असते. काकू म्हणाल्या, "सतरा आणे."

इथे या प्रकरणाचा पहिला निर्णय होता. "तेव्हाचं सोडा, आता नवीन मशीनं आली आहेत" असं म्हणून मी पुढे जाऊ शकले असते. त्याऐवजी तेव्हा भूल का लागली नाही ते समजावून सांगितलं. पू झालेल्या जागी पेशींमध्ये आम्लता वाढते. भुलेचं औषध मज्जातंतूच्या आत शिरायला ज्या रूपात असावं लागतं, ते रूप आम्लतेत फारच कमी उरतं. औषध तिथेच असतं, पण आत जात नाही. म्हणून तीन काय, पाच इंजेक्शनं दिली असती तरी त्या सुजलेल्या जागी भूल नीट लागली नसती. आता तिथे पू नाही, दात नाही, नुसतं भरून आलेलं शांत हाड आहे. त्या जागी भूल लागते.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यातच काही खोट नव्हती." आपल्या शरीराला भूलच लागत नाही, असं त्या पाच वर्षं धरून चालल्या होत्या. हे त्यांना त्याच दिवशी कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर पुढची पाच वर्षं वाचली असती, याचं मला आजही वाईट वाटतं.

समोरचे पर्याय

आहे तसं सोडून देणं हाही पर्याय असतो, पण मागची दाढ कलत चालल्यामुळे तो मी बाजूला ठेवला. काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त आणि अजिबात न दुखणारी. पण एका दाढेसाठीची कवळी भाकरी चावताना हलते, आणि बहुतेकांची महिन्याभरात डबीत जाते.

खरी तुलना ब्रिज आणि इम्प्लांटची होती. ब्रिजसाठी पुढचा-मागचा असे दोन दात घासून लहान करायचे आणि त्यांच्या आधारावर मधला दात बसवायचा. दोनतीन आठवड्यांत काम संपतं. माझ्या दवाखान्यात त्याला इम्प्लांटच्या निम्म्याहून कमी खर्च येतो. त्यात कापाकापी नाही, म्हणून लोक त्याला न दुखणारा मार्ग समजतात. ते पूर्ण खरं नाही. जिवंत दात घासला की तो काही दिवस शिवशिवतो, आणि काहींच्या नशिबी पुढे रूट कॅनालही येतं. काकूंचा पुढचा दात अगदी निकोप होता. त्याला घासायला माझा हात धजला नसता. शेजारचे दोन्ही दात आधीच किडलेले आणि कॅप लागणारेच असते, तर मी बिनदिक्कत ब्रिज सुचवला असता. इम्प्लांट दर वेळी श्रेष्ठच, असं मी मानत नाही.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसवायचा, हाड त्याला घट्ट धरेपर्यंत थांबायचं आणि मग वर कॅप लावायची. हाड टायटॅनियमला असं चिकटतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडावर प्रयोग करताना आढळलं. हाडात बसवलेली नळी परत काढायला गेले तर ती निघेना. माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट १९६५ साली बसवले. काकूंना ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे कलमासारखं," त्या म्हणाल्या. त्यांच्या परसात आंब्याची दोन कलमं आहेत, तीन महिने थांबायचं कशाला हे त्यानंतर मला समजावून सांगावं लागलं नाही.

मुलाचा फोन आला. त्याचं म्हणणं, आईला पुण्याला नेतो, पूर्ण झोपवूनच करू. मागणी प्रेमापोटी होती, आणि खूप इम्प्लांट एकदम बसवायचे असतील किंवा माणूस भीतीने खुर्चीवर बसूच शकत नसेल तर ती योग्यही असते. पण एका स्क्रूसाठी मधुमेही बाईंना उपाशी ठेवून झोपवण्यात फायद्यापेक्षा जोखीम जास्त होती. मी काकूंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "झोपले तर काय करतायत ते कळणार नाही. मला कळायला पाहिजे." निर्णय तिथेच झाला.

आधीची तयारी

सगळं ठरलं तरी लगेच केलं नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल ८.६ आला. एवढ्या साखरेवर जखम सावकाश भरते, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि हाड स्क्रूला धरायला कुचराई करतं. त्यांच्या फिजिशियनकडे पाठवलं, औषधात बदल झाला. साडेतीन महिन्यांनी अहवाल ७.२. मुलाला हा उशीर पटला नव्हता. मला मात्र पूर्ण प्रकरणातला हा सर्वांत सोपा निर्णय वाटतो, कारण बऱ्याचदा इम्प्लांटनंतर लांबलेलं दुखणं हे शस्त्रक्रियेचं नसतं, न भरलेल्या जखमेचं असतं.

दुसरी गोष्ट मिश्रीची. काकूंनी सांगितली नव्हती. दातांच्या आतल्या बाजूच्या डागांनी सांगितली. तीस वर्षांची सवय, दिवसातून दोनदा. भाजलेली तंबाखूच ती. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरडीला रक्त कमी मिळतं. मी रागावले नाही; रागावलं की बायका लपवतात आणि मग आपल्यालाच चुकीचा हिशेब करावा लागतो. आधी दोन आठवडे आणि नंतर दोन महिने बंद, एवढं ठरलं. ती पूर्ण सुटली नाही हे आधीच सांगून टाकते. पण ते दिवस त्यांनी बहुतेक पाळले.

हाडं ठिसूळ झाल्याबद्दल काही गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन चालू आहे का, रक्त पातळ करणारं औषध आहे का, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हे विचारून घेतलं. यातली पहिली औषधं काही जणांत जबड्याचं हाड भरून येऊ देत नाहीत, म्हणून हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. मूत्रपिंडाची तपासणीही केली, कारण दुखण्यासाठी आयबुप्रोफेन द्यायचं होतं.

सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये, हाडाची रुंदी ७ मिलिमीटर, आणि खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या नळीपर्यंत उंची १४ मिलिमीटर मिळाली. त्या नळीपासून किमान २ मिलिमीटर लांब राहायचं असतं. १० मिलिमीटर लांबीचा स्क्रू निवडला, म्हणजे ऐसपैस अंतर राहिलं.

शस्त्रक्रियेचा दिवस

सकाळी नाश्ता करूनच यायला सांगितलं होतं. तासभर आधी अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस आणि आयबुप्रोफेनची एक गोळी. खुर्चीवर बसताना एक करार केला : डावा हात वर केला की मी थांबणार, कारण विचारणार नाही.

हिरडीवर बधिर करणारी जेल लावून दोन मिनिटं थांबले, मग इंजेक्शन अगदी हळू दिलं. सुईपेक्षा औषध जोरात ढकलल्याने जास्त दुखतं, आणि घाईच्या दिवशी हे आम्हीच विसरतो. दहा मिनिटं वाट पाहिली. टोकदार उपकरणाने टोचून विचारलं. त्यांनी मान हलवली : नाही लागत.

हिरडी उघडताना जिभेच्या बाजूला त्यांनी हात वर केला. हाडावर जे पातळ आवरण असतं ते फार संवेदनशील असतं, आणि त्या बाजूला भूल थोडी कमी पडली होती. थांबले, औषध वाढवलं, पुन्हा पाच मिनिटं. तेवढ्यात सहायक मुलगी माझ्याकडे बघत होती, बाहेर तीन रुग्ण बसले होते. पण ही पाच मिनिटं मी वाचवली असती तर काकू पुन्हा त्या पाच वर्षांपूर्वीच्या खुर्चीत जाऊन बसल्या असत्या.

त्यानंतर हाडात छिद्र पाडताना हात वर आला नाही. बाहेरच्या आवरणाच्या मानाने आतल्या हाडात दुखण्याची जाणीव कमी असते आणि तिथे भूल पुरते. जाणवते ती थरथर आणि आवाज. ते मी आधी सांगितलं होतं : "डोक्यात पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटेल, दुखणार नाही." ड्रिलवर सतत थंड सलाइनची धार ठेवली होती, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर जरी राहिलं तरी त्याला इजा होते, आणि असं भाजलेलं हाड नंतर दुखतं. स्क्रू चांगला घट्ट बसला. त्यामुळे तो हिरडीखाली झाकून न टाकता हिरडीबाहेर डोकावणारी छोटी टोपी तेव्हाच लावली. तीन महिन्यांनी हिरडी पुन्हा उघडायचं काम त्यामुळे टळलं, म्हणजे एक दुखणं कमी झालं. दोन टाके. सगळं मिळून पन्नास मिनिटं.

तोंडातला कापूस बदलताना मी आणेवारी विचारली. इंजेक्शनचे तीन आणे, जिभेकडच्या बाजूचे चार, ड्रिलचा शून्य. "आवाजाचे मात्र आठ लिहा," त्या म्हणाल्या.

तिसरी रात्र

इथपर्यंत सगळं छान. माझी चूक पुढे आहे.

औषधांचा कागद दिला होता : आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, जेवणानंतर, दिवसातून तीनदा, तीन दिवस. भूल उतरायच्या आधीच पुढची गोळी घ्या, हे तोंडी सांगितलं. बर्फ कापडात गुंडाळून शेका, चूळ जोरात भरू नका, हेही सांगितलं. सांगितलं नाही ते हे की सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, मगच उतरते. म्हणजे कागदावर छापलेलं होतं, पण काकू कागद वाचत नाहीत, आणि हे मला माहीत असायला हवं होतं.

पहिल्या संध्याकाळी त्यांना पाच आणे दुखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटलं, आणि शेजारणीने "गोळ्या गरम पडतात" म्हणून सांगितलं, म्हणून गोळ्या बंद. शिवाय पहाटे पाचला त्या तव्यापुढे होत्या. एका लग्नघरची ऑर्डर होती. परातीवर वाकून पीठ मळायचं, तोंडावर गॅसची धग, असे सहा तास.

तिसऱ्या रात्री साडेदहाला फोन आला. आवाज थरथरत होता. "मॅडम, गाल सुजला. परत पू झाला." मी विचारलं, दुखणं किती? सात आणे. ताप? नाही. तोंडाला घाण चव, घास गिळायला त्रास? नाही. ओठ, हनुवटी बधिर वाटतेय? नाही. फोनवरच ऐंशी टक्के खात्री होती की ही नेहमीची सूज आहे. "सकाळी या" म्हणता आलं असतं. पण पाच वर्षांपूर्वी याच गालाने त्यांना त्या खुर्चीत नेलं होतं. अशा माणसाने रात्र कशी काढायची? मी दवाखाना उघडला. जखम स्वच्छ होती, टाके जागेवर, दाबल्यावर पू नाही. चार बिस्किटं खायला लावून गोळी दिली आणि अर्धा तास सोबत बसले. आणेवारी सातवरून तीनवर आली. त्या रात्रीचं त्यांचं वाक्य मी विसरले नाही : "दुखत होतं त्याचं काही नाही, पण दुखणार हे कुठं सांगितलं होतं?"

पुढचे महिने आणि निष्पत्ती

चौथ्या दिवसापासून सूज उतरली, पाचव्या दिवसानंतर गोळी लागली नाही. आठव्या दिवशी टाके काढले : "चिमटा. एक आणा." तीन महिने भाकरी दुधात कुस्करून, डावी बाजू सांभाळून. मग माप घेतलं. कॅप घट्ट करताना हिरडी आवळल्यासारखी वाटते, दहा मिनिटांत जाते. या वेळी ते आधी सांगितलं. दोन आणे.

आता दीड वर्ष होत आलं. एक्स-रेमध्ये हाड जागेवर आहे. त्या दोन्ही बाजूंनी चावतात. उजवीकडची सणक जवळपास थांबली आहे. खर्च कॅपसकट ३५ हजार आला, तो मुलाने दिला. मिश्री दिवसातून एकदा आहे, आणि त्यावर आमचा वाद चालू आहे. दर सहा महिन्यांनी हिरडी तपासायला त्या येतात तेव्हा त्याचीच चर्चा होते.

आज हेच प्रकरण आलं तर

शस्त्रक्रियेत मी काही बदलणार नाही. कदाचित जिभेकडच्या बाजूची भूल पहिल्यांदाच पुरेशी देईन आणि टोचून पाहताना दोन्ही बाजू पाहीन. तेव्हा मी फक्त गालाकडची बाजू पाहिली होती.

पण कामाचं विचारेन. "तुम्ही काय करता?" हे नोंदवहीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ मी लावला नाही. भाकरी थापणाऱ्या बाईंना लग्नसराईच्या आठवड्यात इम्प्लांट देऊ नये. ऊसतोडीला, रोजंदारीला जाणाऱ्यांचंही तेच. चार दिवसांची सुट्टी हा उपचाराचाच भाग धरून तारीख ठरवायला हवी.

गोळ्या दुखण्यावर अवलंबून न ठेवता घड्याळावर घ्यायच्या, आणि "गरम पडतात" हे कुणीतरी म्हणणारच, हेही आधीच बोलून टाकेन. नुसतं औषध लिहून दिलं तर ते शेजारणीच्या एका वाक्यापुढे टिकत नाही.

कागद देते, पण आता तो वाचूनही दाखवते, शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसासमोर. त्यात दोन वेगळ्या याद्या केल्या आहेत. पहिली, जे होणारच : पहिल्या रात्री ठणका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज, गालावर कधी निळसर डाग, आठवडाभर तोंड उघडायला थोडं जड. दुसरी, ज्यासाठी रात्री दोनलासुद्धा फोन करायचा : चौथ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारं दुखणं, ताप, पू, न थांबणारं रक्त, गिळताना किंवा श्वास घेताना अडचण, आणि दुसऱ्या दिवशीही बधिर राहिलेला ओठ किंवा हनुवटी. यातलं शेवटचं लोक हमखास दुर्लक्षित करतात, कारण ते दुखत नाही. पण मज्जातंतू दाबला गेला असेल तर हातात वेळ फार थोडा असतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आता मी स्वतः फोन करते. दोन मिनिटं लागतात.

गेल्या महिन्यात काकू त्यांच्या जावेला घेऊन आल्या. जाऊबाई दारातच थबकल्या आणि मला विचारायचं ते त्यांनी काकूंनाच विचारलं. काकू म्हणाल्या, "पाच आणे दुखतं. तिसऱ्या दिवशी गाल सुजतो, तेव्हा गोळी सोडायची नाही. आणि आठवडाभर भाकऱ्या मी थापीन."